वेतांची वही कोणाची?

प्रश्न : लॅब्रेडॉरचे पिलू घ्यायचे ठरवले आहे. ब्रीडरने नोंदणी प्रमाणपत्राचा फोटो पाठवला. केनलचा तपासणी अहवाल आणि पिलाच्या आईची नोंद मागितली, तर ‘ती आमची खासगी कागदपत्रे आहेत’ असे उत्तर मिळाले. ती पाहण्याचा मला कायद्याने हक्क आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : आहे, पण त्याची वाट ब्रीडरच्या दारातून जात नाही. ब्रीडर हे सरकारी कार्यालय नव्हे, त्यामुळे माहिती अधिकाराखाली तुम्ही थेट त्याला काही मागू शकत नाही. मात्र प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली २०१७ साली श्वान प्रजनन व विक्रीचे नियम आले, तेव्हापासून राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय हा धंदा करता येत नाही. नोंदणीसाठी जागेची तपासणी होते, आणि मादी, नर, पिले, विक्री, मृत्यू यांच्या नोंदी ठेवून त्या तपासणीसाठी हजर करणे ब्रीडरवर बंधनकारक आहे. मंडळाने केलेला तपासणी अहवाल हे मंडळाचेच दफ्तर झाले. शिवाय माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(च) नुसार, एखादे सरकारी कार्यालय दुसऱ्या कायद्याच्या आधारे खासगी संस्थेकडून जी माहिती मिळवू शकते, तीही ‘माहिती’च असते. म्हणून वेतांची वही ब्रीडरच्या कपाटात असली, तरी ती केवळ त्याची नाही.

तुम्ही नेमके योग्य कागद मागितलेत. प्रमाणपत्र फार तर एवढेच सांगते की एका दिवशी कोणीतरी जागा पाहून गेले. विक्रीच्या दिवशी पिलू आंघोळ घालून, पावडर लावून समोर येते, त्याची आई मागच्या पिंजऱ्यात असते. तिच्यावर काय गुदरले हे पिलाकडे पाहून कळत नाही. वही पाहिली तर साध्या वजाबाकीने कळते. नियमाप्रमाणे अठरा महिन्यांच्या आतल्या मादीपासून पैदास घ्यायची नाही. कुत्री साधारण ६३ दिवस गाभण राहते. म्हणजे पहिल्या वेताची तारीख तिच्या जन्मापासून वीस महिन्यांच्या आतली असेल, तर नियम मोडला, हे सांगायला पशुवैद्य लागत नाही. तिच्या नावापुढे सहावे वेत दिसले तरी तेच, कारण आयुष्यात पाचांवर वेते घेता येत नाहीत. पिलाच्या जन्माची आणि विक्रीची तारीख यांत आठ आठवडे भरत नसतील, तर ते आईपासून लवकर तोडले आहे. आणि वर्षभरात पन्नास पिले विकूनही मृत्यूच्या रकान्यात एकही नोंद नसेल, तर ती वही रोजच्या रोज भरली जाते यावर माझा विश्वास बसणार नाही.

हे कागद उघडे असण्याला एरवीपेक्षा जास्त वजन आहे, कारण आपल्याकडची शिक्षा फार तोकडी आहे. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात कलम ११ खालच्या पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. एका पिलाची किंमत हजारोंत असताना पन्नास रुपयांना कोण भिणार? धाक उरतो तो नोंदणी रद्द होण्याचा आणि गिऱ्हाईक तुटण्याचा, आणि दोन्हींसाठी अहवाल कोणीतरी वाचायला हवा. अमेरिकेचा अनुभव इथे पाहण्यासारखा आहे. तिथे कृषी खाते व्यावसायिक केनलची तपासणी करते. खात्याच्याच महानिरीक्षकांनी २०१० च्या अहवालात दाखवून दिले, की वारंवार नियम मोडणाऱ्यांवरही कारवाई सौम्य राहते आणि दिसलेले दोष नेहमी नीट नोंदवले जात नाहीत. तरी अहवाल संकेतस्थळावर होते, म्हणून दोषी ब्रीडरकडून माल घेऊ नये असा कायदा असलेल्या राज्यांतल्या दुकानदारांना ते तपासता येत. फेब्रुवारी २०१७ मध्ये खासगीपणाचे कारण देऊन खात्याने ते काढून टाकले. तपासणी सुरू राहिली, फक्त ती पडताळून पाहण्याची बाहेरच्यांची सोय गेली. शेवटी संसदेला आदेश द्यावा लागला, तेव्हा २०२० मध्ये अहवाल परत आले.

खासगीपणाचा हा आक्षेप आपल्याकडेही येईल. माहिती अधिकार कायद्यातले व्यापारी गुपिताचे कलम ८(१)(घ) पुढे केले जाईल. पण मादी किती वेळा व्याली हे गुपित कसे? ते प्रतिस्पर्ध्याला कळल्याने धंद्याची कोणती युक्ती फुटते? अनेक ब्रीडर राहत्या घरीच कुत्री पाळतात, त्यामुळे पत्ता आणि फोन झाकावा ही मागणी मात्र मला रास्त वाटते. त्यासाठी कलम १० आहे, तेवढा भाग वगळून उरलेला देता येतो. एखाद्या किरकोळ शेऱ्याने प्रामाणिक माणूस बदनाम होईल, ही भीतीही खोटी नाही. म्हणून एका अहवालावर निकाल देऊ नका, लागोपाठचे दोन मागा. भिंतीचा रंग उडाल्याचा शेरा पुढच्या वेळी जातो. कोपरांवर घट्टे, अंगाला चिकटलेली विष्ठा, उपचार न केलेली जखम हे शेरे पुन्हा आले, तर तो स्वभाव समजावा. सगळ्यात बळकट आक्षेप असा, की ज्यांनी नोंदणीच केली नाही त्यांचे कागदच नाहीत, मग झळ फक्त नियम पाळणाऱ्यांना. खरे आहे, पण त्यावर उपाय नोंदी झाकणे नव्हे. ‘या नावाची नोंदणी नाही’ हे लेखी उत्तरसुद्धा पुरावाच असतो.

तेव्हा राज्य मंडळाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टँप लावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून प्रस्तावना नको: नोंदणी क्रमांक लिहा, लागोपाठचे दोन तपासणी अहवाल आणि अमुक मायक्रोचिप क्रमांकाच्या मादीची वेतांची नोंद मागा, पत्ता वगळून दिले तरी चालेल असे स्वतःच लिहा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करा. नोंदणीच नसल्याचे उत्तर आले, तर त्याची प्रत जोडून मंडळाकडे आणि जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे तक्रार द्या. आणि हे सगळे हाती येईपर्यंत विसार देऊ नका.