फोटो फ्रेमचे पंचेचाळीस अंश : मायटर बॉक्स विकत घ्यावा की शाळेत बनवावा?



जानेवारी आला की शाळेतल्या फोटोंना मान येतो. ३ तारखेला सावित्रीबाई, १२ ला जिजाऊ (सिंदखेडराजा आमच्याच बुलढाणा जिल्ह्यातलं, त्यामुळे उत्साह जरा जास्तच). भिंतीवरच्या जुन्या फ्रेमा पुसायला काढल्या की कोपरे उघडलेले दिसतात. कार्यानुभवाच्या तासाला नवीन फ्रेम मुलांकडूनच करून घ्यायची म्हटलं, तर पहिला प्रश्न येतो पट्टी ४५ अंशांत कापण्याचा. त्यासाठी मायटर बॉक्स लागतो. तो आणायचा की बनवायचा?

मायटर बॉक्स म्हणजे तळ आणि दोन उभ्या भिंती असलेला लांबट खोका. भिंतींना तिरप्या खाचा असतात. पट्टी आत दाबून धरायची, करवत खाचेतून चालवायची. प्लास्टिकचा बॉक्स हार्डवेअरच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतो. अडचण अशी, की कुठलीही करवत बसावी म्हणून त्याच्या खाचा बऱ्याचदा ढिल्या असतात. करवत आत हलते आणि अंश-दीड अंश इकडेतिकडे होतो.

एका अंशाने काय बिघडतं? हे मुलांनाच विचारा. चार पट्ट्या, प्रत्येकीची दोन टोकं, म्हणजे आठ काप. प्रत्येक काप ४५ ऐवजी ४४ चा झाला, तर चूक ८ × १ = ८ अंश. तीन कोपरे घट्ट जुळवले की सगळे ८ अंश चौथ्या कोपऱ्यात येऊन बसतात. पट्टी २० मिमी रुंद असेल तर जोडाची लांबी सुमारे २८ मिमी आणि फट जवळपास ४ मिमी! गुणाकाराचं इतकं डोळ्यांना दिसणारं उदाहरण दुसरं क्वचितच मिळेल.

आता घरचा बॉक्स. सुताराकडे १८ मिमी प्लायचे तुकडे उरलेले असतात, ते मागून आणावेत. बाभळीचं किंवा निंबाचं ओलं लाकूड नको, वाळताना ते पिळतं. खोका ठोकून झाला की कोनमापक बाजूला ठेवा. कंपासपेटीतल्या कोनमापकाची त्रिज्या साधारण ५ सेंमी धरली, तर त्यावर एक अंश म्हणजे जेमतेम ०.९ मिमी. टोक बोथट असलेल्या पेन्सिलीची रेघ त्यातच संपते. त्याऐवजी खोक्याची बाहेरून जेवढी रुंदी, तेवढ्याच बाजूचा चौरस वरच्या कडांवर आखा आणि त्याचा कर्ण घ्या. चौरसाचा कर्ण काटकोनाचे दोन सारखे भाग करतो, हे फळ्यावर सांगण्यापेक्षा इथे पटकन कळतं. पुढे जी करवत वापरायची तिनेच खाच पाडावी, म्हणजे पातं आत घट्ट चालतं. पण ही खाच मोठ्या माणसानेच पाडायची. सगळा बॉक्स त्या एका कापावर अवलंबून असतो, आणि पाचवीच्या मुलाच्या हाताला ते जमत नाही.

आमच्या गावातले एक सुतारकाका, त्यांची नात आमच्याच शाळेत आहे, हे सगळं बघून म्हणाले, "पंचेचाळीस कायले शोधता सर, नव्वद धरा ना!" त्यांनी दाखवलेली युक्ती मला दोन्ही बॉक्सांपेक्षा मोलाची वाटते. सरळ कडेची एक फळी घ्या. कारखान्यातून कापून आलेला प्लायचा काटकोनी कोपरा गुण्याने तपासून त्या फळीवर असा ठोका, की कोपऱ्याचं टोक फळीच्या कडेकडे येईल आणि दोन्ही बाजू कडेशी अंदाजे ४५ अंश करतील. सरळ ठोकळ्याला पॉलिश पेपर चिकटवा. डावं टोक कोपऱ्याच्या डाव्या बाजूला आणि उजवं टोक उजव्या बाजूला टेकवून, कडेच्या बाहेर आलेला भाग ठोकळ्याने घासायचा. कोपरा जरा वाकडा बसून एका बाजूला ४४ अंश झाले, तर दुसरीकडे आपोआप ४६ होतात. बेरीज ९०. टोक किंचित पुढेमागे दिसेल, पण फट राहणार नाही. फक्त समोरासमोरच्या पट्ट्या तंतोतंत सारख्या लांबीच्या हव्यात.

त्यामुळे माझं मत असं : कापायचा बॉक्स खुशाल विकत आणा, घासायची फळी मात्र शाळेत बनवा. करवत शिक्षकाने किंवा पालकाने चालवावी. आखणं, मोजणं, घासणं मुलांचं. यात कोटिकोन शिकवून होतात, त्याला वेगळा तास लागत नाही. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातूनच विषय शिकवा म्हणून आग्रह धरला होता. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. कलबागांनी १९८३ पासून हाताने करत शिकण्याची वाट मळवली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या दप्तराविना दहा दिवसांतही सुतारकामाचं नाव आहे. सुतारकाकांना वर्गात बोलवायला एवढा आधार पुरे. त्यांच्या नातीचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता.

एक राहिलंच. पावसाळ्यात फ्रेम करू नका. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगतं आणि सुकलं की रुंदीतच आटतं, लांबी जवळपास तेवढीच राहते. जुलैत नीट बसलेला जोड मलकापूर-खामगावच्या मे महिन्यात आतल्या बाजूने उघडतो. दिवाळीनंतर पट्ट्या आणून महिनाभर वर्गातच ठेवाव्यात आणि डिसेंबरात कापायला घ्याव्यात.