शॉकअप ‘कडक’ केल्याने जास्त वजन पेलते का?

प्रश्न : माझ्याकडे २०२२ची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५० आहे. माझे वजन ९८ किलो, धाकट्या भावाचे ५८. गाडी दोघेही चालवतो. मी बसलो की खड्ड्यात मागून ठोकर बसते, आणि कुंभार्ली घाटात वळणावर गाडी बाहेर जाते. भावाची तक्रार उलटी : गाडी फार आदळते, पाठ दुखते. मेकॅनिकने मागचे शॉकअप शेवटच्या खाचेवर नेले आणि म्हणाला, ‘आता कडक केलेत, कितीही वजन टाका.’ मला थोडा फरक पडला, पण भावाने गाडी चालवणेच सोडले. एकच स्प्रिंग आम्हा दोघांना कशी चालेल? (एक वाचक, कराड)

उत्तर : तुमच्या मेकॅनिकने काम बरोबर केले, कारण मात्र चुकीचे सांगितले. हुक पान्याने शॉकअपचे कडे फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेची जाडी, वेढ्यांची संख्या आणि वेढ्याचा व्यास यांवर ठरतो, आणि यातले काहीच पान्याने बदलत नाही. कडे फिरवल्याने स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते. यालाच प्रीलोड म्हणतात.

मग तुम्हाला फरक का जाणवला? थोडे आकडे मांडू. हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेले आहेत, तुमच्या गाडीचे नव्हेत. समजा मागच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून दर ५ किलोला १ मिलिमीटर दबतात. भाऊ बसला की त्यांच्यावर ९० किलोचा भार येतो, तुम्ही बसलात की १२०चा, आणि मागे आणखी कोणी बसले की १८०चा. (गाडीच्या मागच्या भागाचे वजन यात धरले आहे.) कड्याने स्प्रिंग आधीच १० मिलिमीटर दाबलेली असेल, तर पहिले ५० किलो झेलण्यासाठी तिला हलावेच लागत नाही. उरलेल्या भाराने भावाखाली शॉकअप ८ मिलिमीटर दबेल, तुमच्याखाली १४, डबलसीटला २६. आता प्रीलोड १६ करा. भावाखाली २, तुमच्याखाली ८, डबलसीटला २०.

तुमच्यात आणि भावात आधी ६ मिलिमीटरचा फरक होता, आताही ६ मिलिमीटरचाच आहे. स्प्रिंग आधीही दर ५ किलोला १ मिलिमीटर दबत होती, आताही तेवढीच दबते. बदलली ती फक्त सुरुवातीची उंची. तुमच्याखाली शॉकअप आता कमी खोल बसतो, म्हणून खड्ड्यासाठी त्याच्याकडे जास्त जागा उरते आणि तो तळाला आपटत नाही. मेकॅनिक ज्याला कडकपणा म्हणाला तो हा.

भावाची पाठ का दुखते, तेही याच हिशेबात सापडते. प्रीलोड २० केला तर स्प्रिंग १०० किलोपर्यंत हलणारच नाही, आणि भावाचा भार आहे ९०. शॉकअप पूर्ण ताणलेला, वरच्या टोकाला टेकून राहणार. बारीक खडबडीतपणा थेट त्याच्या कण्यात जाणार. त्याहून वाईट गोष्ट अशी की रस्त्यात खळगा आला की चाकाला खाली उतरायला वावच नाही, त्यामुळे चाक क्षणभर हवेत राहते. वळणावर किंवा ब्रेक लावताना असे झाले तर प्रश्न पाठदुखीवर थांबत नाही. हलक्या माणसासाठी शेवटची खाच ही खरोखर धोक्याची जागा आहे.

मोटारीत हा प्रश्न एवढा भेडसावत नाही. हजार किलोच्या गाडीत चाळीस किलोचा फरक कुठल्या कुठे जिरतो. तुमच्या गाडीचे वजन १९५ किलो, आणि तुम्ही एकटेच त्याच्या निम्मे. कंपन्या दुचाकी बेतताना मध्यम वजनाचा, साधारण सत्तर-पंचाहत्तर किलोचा स्वार डोळ्यांसमोर ठेवतात. आपल्याकडे डबलसीटचीही सोय पाहावी लागते. तुम्ही या अंदाजाच्या एका बाजूला आहात, भाऊ दुसऱ्या. देशातल्या कितीतरी दुचाक्यांचे शॉकअप आपल्या वाळूज-चाकणच्या कारखान्यांत बनतात, पण तुमचे वजन त्या कारखान्याला माहीत नसते. ते सांगण्यासाठीच तर कड्याला खाचा दिलेल्या असतात. क्लासिकला सहा आहेत. बहुतेक गाड्या आयुष्यभर शोरूममधून आल्या त्याच खाचेवर धावतात, आणि हुक पाना डिकीत गंजत पडतो.

आता कोणती खाच कोणाची, हे अंदाजाने ठरवू नका, मोजा. टेप, चिकटपट्टीचा तुकडा आणि दोन मदतनीस पुरतात. मागच्या चाकाच्या एक्सलच्या बरोबर वर, मडगार्डवर किंवा सीटखालच्या भागावर पट्टीची खूण करा. गाडी डबल स्टँडवर घ्या; मागचे चाक लोंबकळते ठेवा आणि एक्सलपासून खुणेपर्यंतचे अंतर लिहा. मग गाडी स्टँडवरून उतरवून, कोणीही न बसता, सरळ उभी धरा आणि पुन्हा मोजा. तिसऱ्यांदा तुम्ही बसा, दोन्ही पाय फूटरेस्टवर, एकाने पुढून हँडल धरायचे, दुसऱ्याने मोजायचे. हेल्मेट, जॅकेट, रोजची सॅक, सगळे अंगावर हवे. बनियनवर बसून मोजले तर उत्तर बनियनसाठीच बरोबर येईल.

यात एक बारकावा आहे. शॉकअपच्या सीलमध्ये घर्षण असते, त्यामुळे गाडी दर वेळी नेमक्या एकाच जागी थांबत नाही. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या मापाला गाडी एकदा खाली दाबून हळूच वर येऊ द्या आणि मोजा, मग वर उचलून हळूच खाली बसू द्या आणि मोजा. दोन्हींची सरासरी घ्या. या दोन मापांत खूपच तफावत असेल तर सील, बुश किंवा स्विंगआर्मच्या बेअरिंगकडे पाहायला हवे.

समजा माप आले ५४८, ५३८ आणि ५१० मिलिमीटर. म्हणजे गाडी स्वतःच्या वजनाने १० मिलिमीटर दबते आणि तुमच्यासह ३८. या दबण्याला सॅग म्हणतात. क्लासिकच्या मागच्या चाकाची एकूण हालचाल ९० मिलिमीटर आहे, आणि रस्त्यावरच्या गाडीत स्वारासह त्यातली पाव ते एक तृतीयांश वापरली जावी असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे २३ ते ३०. तुमचे ३८ जास्त झाले. एकेक खाच वाढवत ३०च्या आसपास या. दोन्ही बाजूंचे शॉकअप नेहमी एकाच खाचेवर हवेत, आणि सायलेन्सर थंड झाल्यावरच हात घाला.

पण ३० आले म्हणून टेप लगेच गुंडाळू नका. दुसरे माप, म्हणजे कोणीही न बसता गाडी किती दबते ते, पुन्हा घ्या. प्रीलोडमुळे दोन्ही मापे सारखीच घटतात. तुमचे ३८चे ३० झाले, तसे रिकाम्या गाडीचे १०चे २ झाले असतील. रिकामी गाडी जेमतेम २ मिलिमीटर दबते, याचा अर्थ तुमच्या वजनासाठी स्प्रिंग मऊ आहे आणि ती उणीव तुम्ही प्रीलोडने झाकली आहे. बहुतेकांना हे उलटे वाटते. रिकामी गाडी दबत नाही म्हणजे स्प्रिंग कडक असणार, असे ते धरून चालतात. हलक्या माणसाच्या बाबतीत नेमके याच्या विरुद्ध घडते. त्याच्यासाठी प्रीलोड इतका सैल करावा लागतो की रिकामी गाडीही भरपूर खाली बसते, आणि ते स्प्रिंग कडक असल्याचे लक्षण. मागे साधारण ५ ते १० मिलिमीटर असले की ठीक.

स्प्रिंग मऊ ठरली तर खाचांनी भागणार नाही, जास्त कडक स्प्रिंगचे शॉकअप घ्यावे लागतील. बाहेरचे चांगले शॉकअप विकणारे स्वाराचे वजन विचारून स्प्रिंग देतात. वजन न विचारता ‘हा सगळ्यात भारी, घेऊन टाका’ म्हणणाऱ्या दुकानातून बाहेर पडा. किंमत बघून घेतलेला शॉकअप तुम्हाला बसेलच असे नाही. कडक स्प्रिंग तितक्याच जोराने परत उसळते, म्हणून तिला आवरणारे डॅम्पिंगही जोडीला हवे. नुसती स्प्रिंग बदलली तर गाडी खड्ड्यानंतर हेलकावे खात राहील.

वळणावर गाडी बाहेर का जाते, तेही सांगतो. मागचा भाग खाली बसला की पुढचा फोर्क जास्त तिरपा होतो, हँडल जड लागते आणि गाडी वळायला आळस करते. मागून उंची मिळाली की ती पुन्हा वळू लागते. हेडलाइटही याच कारणाने आकाशाकडे पाहते आणि समोरच्याचे डोळे दिपवते. डबलसीटला हे सर्वात जास्त होते, कारण मागे बसणाऱ्याचे जवळजवळ सगळे वजन मागच्या चाकावर येते. तेव्हा मागे कोणी नियमित बसत असेल तर त्या मापाची खाच वेगळी शोधून ठेवा. उंची वाढली की साइड स्टँडवर गाडी जास्त तिरपी उभी राहते आणि उतारावर कलंडू शकते, एवढे ध्यानात असू द्या.

तुमच्या घरासाठी माझा सल्ला : कड्यावर रंगाचे दोन ठिपके लावा, एक तुमचा, एक भावाचा. भाऊ बहुधा पहिल्या-दुसऱ्या खाचेवर येईल, पण तेही मोजूनच. अदलाबदलीला पाच मिनिटे लागतात. कडे गंजून अडकले असेल तर आधी ब्रशने माती काढा, गंज सोडवणारा स्प्रे मारा, थोडा वेळ जाऊ द्या. कोरड्या कड्यावर जोर केला की पाना निसटतो आणि बोटे सोलवटतात.

प्रश्न : पुढच्या शॉकअपला खाचा नाहीत. गॅरेजवाला म्हणतो, जाड तेल भरले की जास्त वजन पेलेल. खरे आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. तेल वजन पेलत नाही, स्प्रिंग पेलते. जाड तेलाने हालचाल मंदावते, त्यामुळे ब्रेक लावताना गाडी नाक कमी खुपसते आणि फरक पडल्यासारखा वाटतो. पण एकामागून एक खड्डे आले की फोर्क पुरता वर यायच्या आतच पुढचा दणका बसतो. तेलाची पातळी थोडी वाढवली तर वर अडकलेली हवा जास्त दाबली जाते आणि फोर्क तळाला जाताना आधार मिळतो, एवढा उपयोग खरा. पातळी फार वाढली तर सील फुटते.

पुढे प्रीलोड वाढवायचा साधा मार्ग म्हणजे फोर्कच्या टोपणाखाली, स्प्रिंगच्या वर, जास्त लांबीचा स्पेसर. अनेक मेकॅनिक वॉशर टाकून हेच करतात. टोपण स्प्रिंगच्या दाबाखाली असते, उघडताना तोंडावर उडू शकते. पुढचे चाक अधांतरी ठेवूनच ते काढावे लागते, म्हणून हे काम घरी करू नका. आणि नळ्यांवर तेलाचे ओघळ दिसत असतील, किंवा हँडल दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीनदा झुलत असेल, तर आधी सील आणि तेल बदलून घ्या. गळक्या शॉकअपवर घेतलेले माप फुकट जाते.

आपापली तीन मापे, गाडीचे मॉडेल आणि पूर्ण पोशाखातले वजन कळवलेत, तर स्प्रिंग बदलायची की खाचेवर भागेल, ते या सदरात सांगता येईल. वजन मात्र खरे लिहा.