घड्याळ गहाण, भट्टी चौथी
(एका संस्थेच्या पैशांची गोष्ट)

आधीच सांगते, माझं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. मराठी हा विषय आठवड्यातून चार तास, आणि त्यातलाही एक पी.टी.ला जायचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. विषय मात्र मनापासून निवडलाय.

आपल्या मुलींच्या हॉस्टेलमागे जे बांधकाम चालू आहे, तिथल्या कामगारांच्या मुलांसाठी आम्ही काहीजणी गेल्या वर्षापासून संध्याकाळचा वर्ग घेतो. दुपारी आम्ही प्रॅक्टिकलला असतो, म्हणून तेव्हा एक ताई येऊन शिकवतात. त्यांना महिन्याला काहीतरी द्यायला हवं, म्हणून आम्ही एका कंपनीकडे स्पॉन्सरशिप मागायला गेलो. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, कौतुक केलं आणि सांगितलं की मुलांना कंपनीचं नाव छापलेले टी-शर्ट देऊ, एक दिवसाचा कार्यक्रम करू, मोठा बॅनर लावू. ताईंच्या मानधनाचं विचारलं तर म्हणाले, "त्याला आमच्याकडे हेड नाही." म्हणजे बॅनरला पैसे आहेत, खडूला नाहीत! बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, टी-शर्ट विकूया का. (विकले नाहीत. टी-शर्ट आलेच नाहीत.)

त्याच आठवड्यात लायब्ररीत बुकर टी. वॉशिंग्टन यांचं 'अप फ्रॉम स्लेव्हरी' हे १९०१ सालचं आत्मचरित्र हाताला लागलं. सबमिशन बाजूला ठेवून वाचत बसले, कारण त्यात अगदी आमचाच प्रॉब्लेम होता, फक्त सव्वाशे वर्षांहून जुना आणि आमच्यापेक्षा हजारपट मोठा.

बुकर वॉशिंग्टन १८५६ साली अमेरिकेत व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्माला आले. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली, पण चाळीस लाख माणसं मोकळी झाली ती जमीन नाही, पैसा नाही, अक्षरओळख नाही अशा अवस्थेत. (आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, हे आपण शाळेत शिकलोय. मी ते पाठ केलं होतं. ही माणसं पुढे जगली कशी हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.) पुढे हॅम्प्टनच्या संस्थेत शिकून वॉशिंग्टन १८८१ मध्ये अलाबामा राज्यात टस्कीगी या छोट्या गावी आले. कृष्णवर्णीय शिक्षक तयार करणारी शाळा काढायची होती. राज्याने वर्षाला २००० डॉलर मंजूर केले होते. पण अट अशी की हे पैसे फक्त शिक्षकांच्या पगाराला वापरायचे. जागा, इमारत, साहित्य यासाठी एक सेंटही नाही.

आमच्या बरोब्बर उलट! आम्हाला सगळं मिळत होतं, पगार सोडून. त्यांना पगार मिळत होता, बाकी सगळं सोडून. पण मुद्दा एकच. अशा पैशाला आपण बांधील निधी म्हणू. देणारा ठरवतो तो कशावर खर्च व्हायचा. दुसरा असतो मुक्त निधी, तो संस्था गरजेप्रमाणे वापरते. छप्पर गळलं तर छप्पर, पगार थकला तर पगार. संस्था उभी राहते ती बहुतेक वेळा या दुसऱ्या पैशावर, आणि तोच मिळायला सगळ्यात अवघड.

४ जुलै १८८१ ला शाळा सुरू झाली. ३० विद्यार्थी आणि चर्चजवळचं एक मोडकं खोपट. पाऊस आला की एखादा विद्यार्थी आपला धडा थांबवून सरांच्या डोक्यावर छत्री धरायचा. मग गावाबाहेर एक पडीक मळा विकायला निघाला, किंमत ५०० डॉलर. मालक म्हणाला, निम्मे आत्ता द्या, निम्मे वर्षात. वॉशिंग्टननी हॅम्प्टनचे खजिनदार जनरल मार्शल यांना पत्र लिहिलं. ते म्हणाले, संस्थेचे पैसे उसने देण्याचा मला अधिकार नाही, पण माझ्या खिशातले २५० डॉलर देतो. जमीन मिळाली. तिथे होता एक जुना तबेला आणि एक कोंबड्यांचं खुराडं. दोन्ही साफ करून वर्ग भरवले.

आता कर्ज फेडायचं. इथे ऑलिव्हिया डेव्हिडसन या शिक्षिकेचं नाव घ्यायला हवं, जे नेहमी मागे पडतं. त्या गावात घरोघर गेल्या, गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्याही. कोणी केक द्या, कोणी कोंबडी, कोणी पाव, असं मागून आणलं आणि त्याची विक्री करून पैसे उभे केले. म्हातारे, पूर्वी गुलाम असलेले लोक पाच सेंट देत, कोणी गोधडी, कोणी ऊस. एक सत्तरीची म्हातारी फाटक्या पण स्वच्छ कपड्यांत काठी टेकत आली आणि सहा अंडी देऊन गेली. तीन महिन्यांत जनरलचे २५० फिटले, पुढच्या दोन महिन्यांत सगळे ५०० चुकते होऊन जमीन नावावर झाली. मला वाटतं सहा अंड्यांची किंमत अकाउंट्समध्ये मांडता येत नाही. पण पुढच्या सावकाराला "गाव आमच्या मागे आहे" हे दाखवायला तीच उपयोगी पडतात.

आता सिव्हिलवाल्यांनी सावरून बसा, कारण पुढे विटा आहेत.

इमारती बांधायच्या तर विटा हव्यात. गावात वीटभट्टीच नव्हती. वॉशिंग्टननी ठरवलं, मुलांनीच विटा पाडायच्या. म्हणजे शिक्षणही होईल, इमारतही होईल आणि उरलेल्या विटा विकताही येतील. कागदावर छानच. आपण बिल्डिंग मटेरियल्समध्ये 'वीट तयार करण्याच्या पायऱ्या' लिहून दहा मार्क मिळवतो. त्यांना त्या पायऱ्या गुडघाभर चिखलात तासन् तास उभं राहून कराव्या लागल्या. काही मुलं वैतागून शाळा सोडून गेली. आम्ही शिकायला आलो, चिखल तुडवायला नाही, असं त्यांना वाटलं असणार. गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या घरातल्या मुलांना हातकामाचा तिटकारा वाटणं मला तरी पटतं.

पहिल्या वेळी सुमारे २५,००० विटा पाडून भट्टी लावली. रचना चुकली, आच नीट बसली नाही, सगळं वाया. दुसरी भट्टी लावली, तीही फसली. आता कोणी हात लावायला तयार होईना. हॅम्प्टनमध्ये कामं शिकलेले काही शिक्षक पुढे आले आणि तिसरी भट्टी पेटली. भट्टी पुरती भाजायला आठवडा लागायचा. आठवडा संपत आला, आता काही तासांत हजारो विटा हातात येणार, आणि मध्यरात्री भट्टी ढासळली.

पैसे संपले. बहुतेक शिक्षक म्हणाले, नाद सोडा. वॉशिंग्टननी आपलं घड्याळ मॉन्टगोमेरी शहरात नेऊन १५ डॉलरला गहाण ठेवलं आणि चौथी भट्टी लावली. ती जमली. घड्याळ सोडवायची मुदत मात्र टळली, ते पुन्हा मिळालं नाही.

हे १५ डॉलर मला सगळ्या हिशेबात महत्त्वाचे वाटतात. तीन वेळा फसलेल्या प्रयोगाला चौथ्यांदा पैसे कोण देणार? आजही कुठलीही फंडिंग एजन्सी देणार नाही. ज्यांच्या घरात थोडी बचत असते, काका-मामा असतात, त्यांच्या चौथ्या प्रयत्नाचा खर्च घरातून निघतो. ज्यांच्या आधीच्या पिढीला मजुरीच मिळाली नाही, त्यांच्याकडे असतं एक घड्याळ.

पुढे विटा इतक्या चांगल्या निघाल्या की शाळेशी काही देणंघेणं नसलेले, कदाचित शाळा नकोच असलेले गोरे शेजारीही विकत घ्यायला येऊ लागले. आत्मचरित्र लिहिलं त्या सुमारास एका हंगामात मुलांनी १२ लाख विटा पाडल्या होत्या. पहिल्या १९ वर्षांत ४० इमारती झाल्या आणि त्यातल्या चार सोडता बाकी जवळपास सगळ्या विद्यार्थ्यांच्या हातच्या. यालाच आज सामाजिक उद्योग म्हणतात: संस्थेचं काम करता करताच विकण्याजोगं काहीतरी तयार होतं. संस्थेचे आर्किटेक्ट होते रॉबर्ट टेलर, १८९२ साली एमआयटीतून पास झालेले पहिले कृष्णवर्णीय पदवीधर. (एमआयटी बोस्टनची. पुण्याची नव्हे.)

मोठे देणगीदार नंतर आले. अँड्र्यू कार्नेगींनी लायब्ररीसाठी २०,००० डॉलर दिले. सीअर्स रोबक कंपनीचे ज्युलियस रोझनवाल्ड यांनी १९१२ साली २५,००० दिले, त्यातून थोडे वाचले, आणि वॉशिंग्टननी सुचवलं की त्यात खेड्यांतल्या सहा शाळा बांधू. त्याची पुढे मोठी योजना झाली. अट अशी की रोझनवाल्ड काही भाग देतील, उरलेला गावाने आणि सरकारने उभा करायचा. याला मॅचिंग ग्रँट म्हणतात. १९३२ पर्यंत दक्षिणेकडच्या १५ राज्यांत ४,९७७ शाळा झाल्या. वीज नसल्यामुळे उजेड भरपूर यावा म्हणून खिडक्यांच्या दिशा आणि मापं ठरवलेले तयार नकाशे गावांना मिळत. सगळा खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर. त्यात रोझनवाल्ड यांचा वाटा साधारण १५ टक्के, आणि कृष्णवर्णीय गावकऱ्यांचा साधारण १७ टक्के! शाळांना नाव मात्र रोझनवाल्ड यांचं पडलं. शिवाय गावकरी कर भरतच होते. त्या करातून गोऱ्यांच्या शाळा चांगल्या चालत, आणि आपल्या शाळेसाठी यांना परत वर्गणी काढावी लागे. मॅचिंग ग्रँटमुळे गावाला शाळा आपली वाटते हे खरं, पण ज्याच्याकडे सगळ्यात कमी त्यालाच आधी काढून दाखव म्हणायचं, हे मला खटकतं.

देणगीची दुसरीही किंमत असते. १८९५ च्या अटलांटातल्या भाषणात वॉशिंग्टननी सामाजिक समतेचा आग्रह आत्ता नको, असा सूर लावला. देणगीदार खूश झाले. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी १९०३ मध्ये त्यावर कडक टीका केली की, मतदान, नागरी हक्क आणि उच्च शिक्षण बाजूला ठेवून मिळवलेली प्रगती टिकणार कशी? मी हे दोन्हींकडून वाचलं. चिखलात उभ्या असलेल्या माणसाला दोष देणं मला जमत नाही, पण द्यू बॉइस चुकीचे होते असंही म्हणवत नाही.

हे सगळं जुनं झालं असं वाटेल, म्हणून दोन ताज्या गोष्टी. २०२० मध्ये इकोइंग ग्रीन आणि ब्रिजस्पॅन या दोन अमेरिकन संस्थांनी, इकोइंग ग्रीनकडे अर्ज केलेल्यांपैकी सगळ्यात लायक ठरलेल्या संस्थांचे हिशेब तपासले. कृष्णवर्णीय नेतृत्वाच्या संस्थांचं उत्पन्न गोऱ्यांच्या संस्थांपेक्षा सरासरी २४ टक्क्यांनी कमी निघालं. पण मुक्त निधीची शिल्लक ७६ टक्क्यांनी कमी! म्हणजे पैसे दिलेच तर हेड ठरवून दिले, भरवसा ठेवून दिले नाहीत. दुसरी गोष्ट अटलांटाच्या फिअरलेस फंडची. छोटे उद्योग चालवणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांना ते २०,००० डॉलरचं अनुदान देत. २०२३ मध्ये त्यांच्यावर दावा झाला, तोही १८६६ च्या कायद्याखाली, जो मुक्त झालेल्या गुलामांना संरक्षण म्हणून केला होता. जून २०२४ मध्ये अपील कोर्टाचा निकाल विरोधात गेला आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ते अनुदान बंद झालं.

आता आमचा हिशेब. रविवारी रात्री मेस बंद असते हे आपल्या सर्वांच्या पोटाला ठाऊक आहे. म्हणून तीन रविवारांपासून आम्ही कॉमन रूमबाहेर कांदेपोहे विकतो. पहिल्या रविवारी पोहे भिजवताना त्यांचा लगदा झाला, दुसऱ्या रविवारी गॅस मध्येच संपला. तिसऱ्या रविवारी नव्वद प्लेट गेल्या. ताईंचे एका महिन्याचे पैसे देऊन झालेत, दुसऱ्याचे निम्मे जमलेत. प्लेट वीस रुपये, वर्गासाठी जास्त द्यायचे असतील तर डब्यात टाका, कशासाठी ते लिहू नका. चमचा आपापला आणावा.

– टी. ई. सिव्हिल, मुलींचं वसतिगृह