ड्रोनच्या चित्रासाठी अँटेना : खरेदीपूर्वी काय पाहावे?

फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने परदेशी तयार ड्रोनची आयात बंद केली, सुटे भाग मात्र मोकळे ठेवले. त्यामुळे ड्रोनच्या जोडणी-दुरुस्तीत मोबाईल-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांना चांगला वाव आहे. आम्ही तर कापडाचे व्यापारी. या विषयात शिरलो ते पुतण्याच्या नुकसानीमुळे.

डोळ्यांना चष्मा लावून उडवायचा छोटा ड्रोन त्याने स्वतः जोडला होता. मोकळ्या माळावर शे-दीडशे मीटर जातो न जातो तोच चष्म्यातल्या चित्रात मुंग्या आल्या आणि ड्रोन खडकावर आपटला. कोणाला लागले नाही, हा अल्लाहचा फजल. दोन महिन्यांची बचत मात्र गेली. दोष निघाला अँटेनात. ड्रोनवर उजव्या पिळाचा, चष्म्यावर डाव्या पिळाचा. दुकानदाराने "दोन्ही एकच" म्हणून दिले होते.

हा पीळ काय, ते कापडवाल्यांना लवकर कळेल. ताणा उभा, बाणा आडवा. साध्या दांडीच्या अँटेनातून निघणारी लहरही अशीच एका दिशेत डोलते. दोन्हीकडची दांडी उभी आहे तोवर ठीक. ड्रोन वळताना कलला की त्याची दांडी आडवी होते आणि चित्र तुटते. यावर उपाय म्हणून गोल फिरत जाणारी लहर वापरतात. सुताला जसा एस पीळ आणि झेड पीळ, तसा हिला उजवा आणि डावा. डब्यावर आरएचसीपी लिहिले असेल तर उजवा, एलएचसीपी असेल तर डावा. दोन्ही टोकांना एकच पीळ हवा. उलटा जोडला तर शंभरातला एखादा हिस्सा पोचतो. एकीकडे पिळाचा आणि दुसरीकडे साधी दांडी असेल तर निम्मी ताकद जाते. शिवाय भिंतीवर आपटून परतणाऱ्या लहरीचा पीळ उलटतो, म्हणून योग्य अँटेना ती फारशी घेत नाही आणि चित्र स्वच्छ राहते.

दुसरी गोष्ट गेनची. "जास्त गेनचा द्या" असे गिऱ्हाईक म्हणते. पण गेन म्हणजे जादा कापड नव्हे, तेच कापड एका बाजूला ओढणे. समोर लांब पोचते, बाजूला उघडे पडते. ड्रोन सारखा तोंड फिरवतो, म्हणून त्याच्यावर चौफेर पसरणारा, कमी गेनचाच अँटेना हवा. चष्म्याला दोन जागा असतील तर एकीवर चौफेर आणि दुसरीवर चपटा पॅच लावावा. ज्याचे चित्र चांगले, ते चष्मा आपणच निवडतो. पॅचचे तोंड मात्र ड्रोनकडे ठेवावे लागते. नुसती ताकद वाढवणे महाग पडते : अंतर दुप्पट करायचे तर ताकद चौपट लागते, म्हणजे २५ मिलिवॅटचे १००.

बँडचे माप कापडाच्या पन्ह्यासारखे जुळले पाहिजे. ५.८ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम सव्वापाच सेंटिमीटर लांब. तिचा अँटेना २.४ वर चालत नाही. आतली तार वाकली तरी माप बिघडते. कार्बनच्या सांगाड्याआड किंवा बॅटरीला चिकटवूनही तो लावू नये.

तयार कॅमेरा-ड्रोनवाल्यांनी अँटेना बदलण्याच्या फंदात पडू नये. रिमोटच्या दांड्यांचे टोक ड्रोनकडे न रोखता चपटी बाजू त्याच्याकडे ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो.

खरेदी करताना पेच जरूर पाहावा. एसएमए आणि आरपी-एसएमए बाहेरून सारखेच दिसतात, एकमेकांत बसतातही. मधली सुई एका बाजूला असलीच पाहिजे. दोन्हीकडे भोक असेल तर जोड लागतच नाही, आणि अँटेनाशिवाय चालू केलेला ट्रान्समीटर जळू शकतो. म्हणून आधी अँटेना, मग बॅटरी. पुतण्या आता दुकानातच दोन्ही टोके उजेडात धरून पाहतो. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू द्यावे.