डांबरवाल्यांचं प्रगतिपुस्तक

सेमिनारचे विषय सरांनी चिठ्ठ्या टाकून वाटले. कुणाला केबल स्टेड ब्रिज आला, कुणाला भूकंपरोधक इमारती, कुणाला रेन वॉटर हार्वेस्टिंग. माझ्या चिठ्ठीत होतं, 'अमेरिकेतील डांबरी रस्ते व्यावसायिकांच्या संघटनेचे वार्षिक कार्य'. मागच्या बाकांवरून हशा पिकला. एकाने तर "आता ही डांबर विकणार" असं जाहीरच करून टाकलं. मी तोंड पाडून सरांकडे गेले, विषय बदलून द्या म्हणून. सर म्हणाले, "बदलून मिळणार नाही. आणि शेवटी मला एवढंच सांगायचंस, की यात जाहिरात किती आणि माहिती किती. त्यावर मार्क देईन."

मित्रमैत्रिणींनो, हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचा मी केलेला अभ्यास. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे मराठीच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील, राहिल्या त्या माझ्या.)

आधी शब्दांचा घोळ मिटवते. रस्त्यावर आपण ज्याला डांबर म्हणतो ते असतं बिटुमेन. खनिज तेलातून पेट्रोल, डिझेल वगैरे काढून झालं की तळाशी उरतं ते. मूळचं डांबर म्हणजे कोल टार, ते दगडी कोळशापासून मिळतं. पण भाषेला रिफायनरीशी काय घेणं! अमेरिकेत बिटुमेनलाच ॲस्फाल्ट म्हणतात आणि त्यात खडी मिसळून रस्ता केला की त्यालाही ॲस्फाल्टच. पहिले दोन दिवस मी याच भानगडीत घालवले. इथे मी सरळ डांबर म्हणणार, माझ्या आजीलाही कळेल असं.

तर संघटनेचं नाव नॅशनल ॲस्फाल्ट पेव्हमेंट असोसिएशन, थोडक्यात 'नापा'. स्थापना १९५५. सभासद कोण, तर डांबरी मिश्रण बनवणारे प्लँटवाले आणि ते रस्त्यावर अंथरणारे कंत्राटदार. दरवर्षी यांचं अधिवेशन भरतं, बक्षिसं वाटली जातात, वॉशिंग्टनला जाऊन लोकप्रतिनिधींना रस्त्यांसाठी पैसे मागितले जातात. काँक्रीटवाल्यांचीही अशीच वेगळी संघटना आहे आणि दोघांची चुरस जुनी आहे. सरकारकडे पैसा तोच, रस्ते तेच. एकाचा रस्ता झाला की दुसऱ्याचा गेला. त्यामुळे यांचा प्रत्येक कागद वाचताना मी मनात एक काँक्रीटवाला शेजारी बसवायचे. तो काय म्हणेल?

पहिलाच आकडा भेटला ९४ टक्के. अमेरिकेतल्या पक्क्या रस्त्यांपैकी ९४ टक्क्यांहून जास्त रस्ते डांबरी, असं हे लोक जिथे तिथे सांगतात. मी खूश होऊन पहिल्या स्लाइडवर टाकला. मग रात्री मेसमधून परत येताना शेजारचा काँक्रीटवाला बोलला, "वरून डांबरी, की आतूनही?" आणि गंमत तीच आहे. ही मोजणी पृष्ठभागाची. जुना काँक्रीटचा रस्ता, त्याच्यावर नंतर डांबराचा थर चढवला, तर तोही डांबरीत धरला जातो. खालचं काँक्रीट भार उचलतंय आणि नाव वरच्याचं! शिवाय हे प्रमाण फक्त पक्क्या रस्त्यांचं आहे, कच्चे रस्ते हिशोबातच नाहीत. आकडा खोटा नाही, पण जाहिरात नक्कीच. स्लाइड काढली नाही, खाली एक ओळ वाढवली.

दुसरा आकडा मात्र मला आवडला. २००९ पासूनची गणती नापाने केंद्रीय महामार्ग प्रशासनाच्या सहकार्याने प्रसिद्ध केली आहे. उखडलेल्या जुन्या रस्त्यांचं किती डांबरी मटेरियल पुन्हा नव्या मिश्रणात वापरलं, ते यात मोजतात. २००९ मध्ये ५.६ कोटी टन, २०१९ मध्ये ८.९२ कोटी टन. (त्यांचा टन आपल्यापेक्षा लहान, सुमारे ९०७ किलोचा.) नव्या मिश्रणात जुन्याचा वाटा सरासरी २१ टक्क्यांच्या आसपास पोचला.

हे शक्य कसं होतं? डांबर जळून संपत नाही. ऊन, हवा लागून ते कडक होतं, म्हातारं होतं इतकंच. जुना थर मशीनने खरवडून काढायचा, चाळायचा, नव्या गरम खडीबरोबर तापवायचा आणि थोडं मऊ नवीन डांबर घालायचं. कालच्या पोळ्यांचा कुस्करा करताना आई तेलाचा हात जरा सढळ ठेवते, तसंच. मिश्रणात वजनाने साधारण ५ टक्के डांबर असतं. म्हणजे ८.९२ कोटी टन जुन्या मालात सुमारे ४४ लाख टन डांबर फुकट हाताशी आलं. कॅल्क्युलेटरवर हा आकडा बघून मी दोनदा शून्यं मोजली.

आता शेजारचा बोलणारच. एक म्हणजे हा परोपकार नाही. मिश्रणातली सगळ्यात महाग वस्तू डांबर, आणि १९७३ च्या तेलसंकटानंतरच जुना माल वापरण्याकडे सगळ्यांचं जोरात लक्ष गेलं. दुसरं म्हणजे कंपन्या आपणहून माहिती देतात आणि त्यावरून देशाचा अंदाज बांधतात. आपला निकाल आपणच लावण्यातला प्रकार. तरीसुद्धा हे प्रगतिपुस्तक मला खरं वाटतं, कारण त्यात राज्यागणिक तक्ते आहेत आणि कुठल्या राज्यात वाढ नाही तेही दिसतं. आपल्याकडे आय.आर.सी. १२० हे पुनर्वापराचं मार्गदर्शक २०१५ मध्येच आलंय. असा दरवर्षीचा तक्ता आपल्या राज्याचा असता तर माझा सेमिनार अर्ध्या वेळात झाला असता!

सगळ्यात जास्त वेळ मी बक्षिसांवर घालवला. नापाचं एक बक्षीस आहे, शेल्डन हेज यांच्या नावाचं, १९७१ पासूनचं. काम पन्नास हजार टनांच्या वरचं हवं. आधी गुणवत्तेचं एक बक्षीस मिळवावं लागतं, मग रस्त्यावरून वर्षभर वाहतूक जाऊ देतात, आणि त्यानंतर बाहेरचा तज्ज्ञ येऊन तपासतो. उद्घाटनाच्या दिवशी कुठलाही रस्ता छानच दिसतो हो!

दुसरं बक्षीस डांबरवाल्यांच्या तीन प्रकारच्या संघटनांनी मिळून चालवलेलं, 'पर्पेच्युअल पेव्हमेंट' म्हणजे चिरकाल टिकणारा रस्ता. हे कंत्राटदाराला नाही, रस्ता ज्याच्या ताब्यात त्या सरकारी खात्याला मिळतं. रस्ता किमान ३५ वर्षांचा हवा, आतून एकदाही मोडलेला नको, आणि वरचा थर बदलण्यात सरासरी १३ वर्षांपेक्षा कमी अंतर नको. २००१ मध्ये ते न्यू जर्सी टर्नपाइकला मिळालं. तो रस्ता १९५१ मध्ये सुरू झालेला.

यामागचं शास्त्र सोपं आहे. एक यू-पिन घ्या. ती पूर्ण उलगडून पुढेमागे वाकवली तर आठ-दहा वेळात तुटते. तीच जराशी दाबून सोडली तर हजार वेळा दाबा, काही होत नाही. रस्ताही चाकाखाली वाकतो आणि डांबरी थराच्या तळाशी ताण येतो. भेग पडते ती तिथे, आपल्याला दिसते वर, आणि तोवर उशीर झालेला असतो. थर इतका जाड ठेवायचा की तळाचा ताण एका मर्यादेच्या आतच राहील. ही मर्यादा साधारण ७० मायक्रोस्ट्रेन धरतात. म्हणजे एक मीटर लांबीला ०.०७ मिलिमीटर, झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीपेक्षाही कमी! मग खालून भेग येतच नाही. फक्त वरचा चार-पाच सेंटिमीटरचा थर झिजतो, तो खरवडून नवा टाकायचा. (आणि खरवडलेला वर सांगितलेल्या कोट्यवधी टनांत जातो.)

अलाबामात ऑबर्न विद्यापीठाचा २.७ किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक आहे, २००० सालापासून चालू. केंद्र १९८६ चं, नापाच्या पुढाकाराने निघालेलं. ट्रॅकचे ४६ तुकडे, प्रत्येक ६१ मीटरचा, प्रत्येकाचं मिश्रण किंवा जाडी वेगळी. अवजड ट्रक त्यावर गोल गोल फिरतात. तीन वर्षांत सुमारे एक कोटी प्रमाण धुरांचा मार बसतो. माझं या ड्रायव्हर लोकांबद्दल कुतूहल काही संपत नाही. रोज निघायचं आणि कुठेच पोचायचं नाही!

पण या बक्षिसातही जाहिरात आहेच. क्लासवाले बोर्डावर मेरिटवाल्यांचेच फोटो लावतात, नापास झालेल्यांचे नाही. ३५ वर्षं न टिकलेले डांबरी रस्ते किती, ते या यादीवरून कधीच कळणार नाही. मला महत्त्वाचं वाटलं ते बक्षिसापेक्षा अर्जाचं. रस्ता कधी केला, थर किती, वरचा थर कोणकोणत्या साली बदलला, हे ३५ वर्षांचं लेखी लागतं. आपल्या पुण्यातला जंगली महाराज रस्ता १९७६ मध्ये रेकॉन्डो कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर केला आणि हमी संपल्यावरही तो कितीतरी वर्षं खड्ड्यांवाचून राहिला. त्याची आठवण अजून सांगितली जाते, कारण त्याचं साल, कंपनी आणि हमी लोकांना पाठ आहे.

सेमिनार बरा झाला, २५ पैकी २१. सरांनी शेवटी एकच प्रश्न विचारला, "आपल्या हॉस्टेलच्या गेटसमोरच्या रस्त्याचं वय किती?" मी गप्प. माझी रूममेट याच रस्त्यावर ऑगस्टमध्ये स्कूटीवरून पडली. पाणी भरलेला खड्डा दिसला नाही. मनगट मोडलं, दोन ओरल बुडाल्या, आणि अजूनही तिच्याच्याने सरळ रेघ मारवत नाही. ड्रॉइंगमध्ये वर्गात पहिली येणारी मुलगी आहे ती.

दुसऱ्या दिवशी रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयात गेले. टेबलावरचे काका चांगले होते, चहा पण विचारला. रस्ता कधी केला म्हटल्यावर म्हणाले, "दरवर्षीच करतो की." थरांची जाडी? "बाळ, ते कोण लिहून ठेवतंय."

मग रविवारी आम्ही दोघी स्टीलची पट्टी घेऊन त्या खड्ड्याशी जाऊन बसलो. ती प्लास्टरच्या हाताने वही धरून. येणारे जाणारे बघत होते. खड्ड्याची कड धुतली तर थर खारीच्या पापुद्र्यांसारखे सुटे दिसले. वरून २०, १८, २२ मिलिमीटर, आणि सगळ्यात खाली ५०. वरच्या दोन थरांमध्ये चक्क मातीची रेघ. म्हणजे नवा थर टाकण्याआधी जुना झाडला नव्हता, आणि चिकटण्यासाठी पातळ डांबराचा जो फवारा मारतात, तोही नव्हता. न चिकटलेले थर एक होऊन भार घेत नाहीत, प्रत्येक जण वेगवेगळा वाकतो. त्या यू-पिनसारखा.

रूममेटने डाव्या हाताने वाकड्यातिकड्या अक्षरांत तारीख, जागा आणि चार आकडे लिहिले. ती वही मी सरांच्या टेबलावर ठेवून आले आहे.