हौद, नहर, हमाम : जालन्यातील जलवास्तू आणि मराठी शब्दसंपदा

स्पेनमधील ग्रानाडा हे नगर मूर राजवटीच्या वास्तुकलेसाठी जगप्रसिद्ध आहे. नसरी घराण्याच्या काळातील (१२३८ ते १४९२) अलहंब्रा राजवाडा, त्यालगतची उद्याने आणि नगरातील जुने सार्वजनिक स्नानगृह पाहण्यासाठी जगभरातून प्रवासी येतात. या साऱ्या सौंदर्याचा पाया म्हणजे पाणी. दार्रो नदीचे पाणी पाटाने उंचावर नेऊन ते हौदांत व कारंज्यांत खेळविले आहे. प्रस्तुत लेखात मात्र ग्रानाडाचे वर्णन करावयाचे नसून, तेथील जलवास्तूंशी दूरचे नाते सांगणाऱ्या आपल्या जालन्याकडे भाषाभ्यासकाने कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार मांडावयाचा आहे.

मूर शैली आणि दख्खनी शैली एक नव्हेत, हे प्रारंभीच नमूद केले पाहिजे. दोहोंना जोडणारा धागा आहे तो अरबी-फारसी जगातून पश्चिमेस आणि दक्षिणेस पसरलेल्या जलसंस्कृतीचा. कुंडलिका नदीच्या काठच्या जालन्यात काळी मशीद, हमाम आणि सराई या वास्तू जमशेदखानाच्या नावाशी निगडित आहेत. मोती तलावाचे श्रेयही त्यालाच दिले जाते. जुन्या गॅझेटियरमधील नोंदीनुसार या तलावाचे पाणी भूमिगत नळांनी शहरातील हौदांत आणले जाई व त्यांपैकी सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात होता. जालन्याच्या बागांतील फळे मुंबई व हैदराबादेस जात, अशीही नोंद आढळते. म्हणजेच उपासना, स्नान, मुक्काम आणि बागाईत या चारही गोष्टी पाण्याच्या आधाराने गुंफलेल्या होत्या.

या वास्तूंबरोबर शब्द आले. ‘हौद’, ‘नहर’, ‘हमाम’, ‘मनोरा’ आणि ‘इमारत’ हे मूळचे अरबी शब्द मुख्यत्वे फारसीच्या द्वारे मराठीत स्थिरावले. ‘बाग’ व ‘बगीचा’ फारसीतून आले. स्पॅनिश भाषेतही पाटासाठी ‘असेकिया’, तळ्यासाठी ‘अल्बेर्का’ आणि पाण्याच्या टाक्यासाठी ‘अल्खिबे’ हे शब्द अरबीतूनच आले आहेत. तेथील शब्द येथील शब्दांहून वेगळे असले, तरी ते घेण्यामागील गरज एकच होती. पाणी अडविण्याची, वाहून नेण्याची आणि साठविण्याची नवी रीत आली की तिचे नावही येते.

अशी नावे हुकमाने जात नाहीत. स्पेनमध्ये १५६७ साली दुसऱ्या फिलिपच्या राजवटीत अरबी भाषेवर बंदी घालण्यात आली आणि त्याच फर्मानाने हमामही निषिद्ध ठरले. तरी ‘असेकिया’ शेतकऱ्याच्या तोंडी राहिला. आपल्याकडील घटना या जातीची नव्हे. शिवकाळातील ‘राजव्यवहारकोशा’ने राज्यकारभारातील फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत पर्याय सुचविले, त्यामागे बंदी नव्हती, स्वत्वाची जाणीव होती. तथापि पुढे इ. स. १७५० च्या सुमारास पेशव्यांनी कात्रजहून पुण्यात पाणी आणले, तेव्हा ते जेथे साठविले ती ठिकाणे ‘काळा हौद’, ‘भुतकर हौद’ अशाच नावांनी लोकमानसात रुजली. ज्या शब्दाच्या काठावर रोज घागर भरली जाते, तो परका राहत नाही.

शब्दाला खरा धोका निराळाच असतो. वस्तू नाहीशी झाली की शब्दाचा अर्थ आटू लागतो. ‘हमाम’ हा शब्द आज बहुतेकांना ‘हमाम में सब नंगे’ या राजकीय टोमण्यातून किंवा साबणाच्या नावावरून ठाऊक असतो. ऊन पाण्याची, वाफेची ती वास्तू मात्र डोळ्यांसमोर येत नाही. ‘हौद से नहीं आती’ ही म्हण आपण वापरतो, पण हौद भरत कसा असे हे विद्यार्थ्याला सांगता येत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात होरपळलेल्या जिल्ह्यात ही विस्मृती केवळ भाषिक मानता येणार नाही. एकेकाळी या शहराने पाण्याची व्यवस्था कशी केली होती, याचे ज्ञानही त्या शब्दांबरोबर विरत आहे.

स्थळ पाहून त्याची नोंद करण्याची परंपरा मराठीला नवी नाही. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त चक्रधरस्वामींच्या वास्तव्याची ठिकाणे दिशा, द्वारे आणि परस्पर अंतर यांसह टिपलेली आहेत. त्यामागे श्रद्धा होती. पण तिने नजर अंधूक केली नाही, उलट अधिक नेमकी केली. हीच नेमकी नजर घेऊन पदव्युत्तर वर्गाने मोती तलावापासून काळ्या मशिदीपर्यंत चालत जावे. जुन्या रहिवाशांच्या, गवंड्यांच्या व माळ्यांच्या तोंडचे शब्द त्यांच्या अर्थांसह टिपून घ्यावेत. कोशात शब्द सुरक्षित राहतो हे खरे. परंतु त्याचा आशय त्या स्थळी, त्या माणसांच्या बोलण्यात असतो. ती माणसे आहेत तोवरच हे काम होऊ शकेल.