न निघालेली मोटार

यंत्रांचा इतिहास म्हणून आपण जो शिकतो तो बहुधा यशस्वी यंत्रांचा असतो. पाठ्यपुस्तकात चित्रे येतात ती रस्त्यावर आलेल्या गाड्यांची. कारखान्याच्या आतच संपलेल्या गाड्यांचा कोणी पाठ घेत नाही. यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र रद्द झालेले निदान एक यंत्र तरी मुळापासून अभ्यासावे, असे मला शिकवताना नेहमी वाटत आले आहे. त्यासाठी मी येथे निवडली आहे ती इंग्लंडमधील जॅग्वार कंपनीची एक्सजे-४१ ही स्पोर्ट्स मोटार.

जॅग्वारने १९६१ साली ई-टाईप ही मोटार आणली आणि तिच्या लांबट, डौलदार देहाने मोटारशौकिनांना वेड लावले. तिच्या जागी १९७५ साली एक्सजे-एस आली. ही गाडी वेगवान होती, आरामशीर होती, पण ई-टाईपचे रूप तिच्यात नाही ही तक्रार काही मिटली नाही. म्हणून १९८० नंतरच्या काळात कंपनीने नवा प्रकल्प हाती घेतला. बंद छताच्या गाडीला एक्सजे-४१ आणि उघडणाऱ्या छताच्या गाडीला एक्सजे-४२ अशी अंतर्गत नावे होती. आकार कीथ हेल्फेट यांनी दिला होता. लोक तिला आपल्या मनानेच 'एफ-टाईप' म्हणू लागले.

गाडी १९८६ च्या सुमारास यावी असा बेत होता. पण त्याच वेळी एक्सजे-४० ही नवी चार दरवाजांची मोटार तयार होत होती आणि कंपनीचे पोट तिच्यावर अवलंबून होते. साहजिकच मनुष्यबळ आणि पैसा तिकडे गेला, आणि एक्सजे-४१ मागे पडत राहिली. उशीर झाला एवढेच असते तर बिघडले नसते. खरे नुकसान झाले ते उशिराच्या काळात गाडीत पडलेल्या भरीमुळे.

मूळ कल्पना साधी होती: सहा सिलिंडरचे इंजिन, मागच्या चाकांना शक्ती, हलका देह. दरम्यान प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्या अधिक वेगवान झाल्या. मग इंजिनाला दोन टर्बोचार्जर जोडायचे ठरले. टर्बोचार्जर आला की उष्णता वाढते, म्हणून थंड करण्याची यंत्रणा मोठी हवी. शक्ती वाढली की गिअरबॉक्स आणि दांडे जाड हवेत. ती शक्ती दोन चाकांना पेलवेना म्हणून चारही चाकांना द्यायची, म्हणजे पुढे आणखी एक डिफरन्शियल आले. हे सारे मावण्यासाठी देह मोठा आणि मजबूत करावा लागला. प्रत्येक निर्णय सुटा पाहिला तर बरोबरच दिसतो. वाचकांनी ध्यानात घ्यावे ते हेच.

एक हिशेब करून पाहू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा १५०० किलोची गाडी ताशी १८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मीटर वेगाने जात आहे. तिची गतिज ऊर्जा १८ लाख ७५ हजार ज्यूल होते. वजनात ३०० किलोची भर पडली तर तीच ऊर्जा साडेबावीस लाख होते. ही सगळी ऊर्जा ब्रेकनी उष्णतेच्या रूपात बाहेर टाकायची. म्हणून ब्रेक मोठे करावेत, तर त्यांचे वजन पुन्हा गाडीतच जमा! पूर्वीचा वेग गाठण्यासाठी पुन्हा जास्त शक्ती हवी, आणि आपण जिथून निघालो तिथेच येऊन उभे राहतो, फक्त गाडी अधिक जड झालेली असते.

१९८९ साली फोर्ड कंपनीने सुमारे १६० कोटी पौंडांना जॅग्वार विकत घेतली. फोर्डने पाठवलेले बिल हेडन यांनी १९९० साली हा प्रकल्प बंद केला. जॅग्वारच्या चाहत्यांनी हेडन यांना पुष्कळ दोष दिला आहे. मला तो निर्णय योग्य वाटतो. आपल्या उद्यमबागेतील फौंड्रीत एखाद्या कास्टिंगचा पॅटर्न बदलायचा म्हणजे काय खर्च पडतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना दहा वर्षे बदलत राहिलेल्या गाडीचा खर्च वेगळा सांगायला नको.

पण गोष्ट इथे संपत नाही. जॅग्वारच्या शर्यतीच्या गाड्यांशी संबंध असलेले टॉम वॉकिनशॉ यांनी एक युक्ती काढली. एक्सजे-४१ च्या धर्तीचा देह जुन्या एक्सजे-एसच्या तळावर बसवायचा. तळ तयार, खर्च थोडा. आकार बसवण्याचे काम इयन कॅलम यांच्याकडे आले. जॅग्वारसाठी ही गाडी नाकारली गेली. पण फोर्डच्याच मालकीच्या ॲस्टन मार्टिन कंपनीचे प्रमुख वॉल्टर हेझ यांनी ती उचलली. १९९३ च्या जिनिव्हा प्रदर्शनात ती डीबी-७ म्हणून उभी राहिली. सुपरचार्जर लावलेले ३.२ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन, ३३५ अश्वशक्ती. पैशाची तंगी इतकी, की मागचे दिवे मझ्दाच्या ३२३ मालिकेतील गाडीचे घेतले. तरी गाडी पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. हाताने मोजक्या गाड्या बांधणाऱ्या त्या कंपनीने डीबी-७ च्या सात हजारांवर गाड्या केल्या. जे यंत्र हवे तेवढे वाढू दिले ते बुडाले आणि जुन्या तळाच्या चौकटीत कोंबलेले तरले, याचे मला अजून नवल वाटते.

जॅग्वारला स्वतःची नवी स्पोर्ट्स मोटार मिळाली ती १९९६ साली, एक्सके-८ या नावाने. तळ पुन्हा एक्सजे-एसवरूनच घेतलेला, इंजिन मात्र अगदी नवे, आठ सिलिंडरचे. तेव्हा एक्सजे-४१ ची खरी वारस कोण? रूपाने पाहाल तर डीबी-७, कंपनीतील जागेने पाहाल तर एक्सके-८. आणि नावाने पाहाल तर तिसरीच: २००८ साली टाटा मोटर्सने फोर्डकडून जॅग्वार घेतली, आणि तिच्या मालकीखाली २०१३ साली एफ-टाईप हे नाव धारण करणारी ॲल्युमिनियमच्या देहाची मोटार अखेर विक्रीस आली. ती २०२४ पर्यंत तयार होत होती.